हवेतील पाण्याचा हिशेब

(जांब समर्थ, ता. घनसावंगी, जि. जालना येथे भरलेल्या प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



विज्ञानातील एखाद्या घटकावर आजच्या परिषदेत बोलावे, अशी सूचना मला मिळाली, तेव्हा मी ‘वातावरणातील बाष्प’ हा विषय निवडला. विषय दिसावयास लहान आहे. समुद्राच्या पाण्याची वाफ होते, वाफेचे ढग होतात, ढगांतून पाऊस पडतो, ही तीन वाक्ये आपल्या मुलांस तोंडपाठ असतात, आणि वर्गभेटीच्या वेळी ती खड्या आवाजात म्हणूनही दाखवितात. परंतु त्यापुढे, “मग आपल्या शिवारावर ढग येतात आणि न बरसता निघून जातात, ते का?” असे विचारले की सारा वर्ग गप्प होतो. हा प्रश्न पुस्तकातील नव्हे. तथापि मराठवाड्यातील मुलाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच आहे. १९७२ चा दुष्काळ त्याच्या आजोबांनी भोगलेला असतो. २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा उभ्या वाळताना त्याच्या वडिलांनी पाहिलेल्या असतात. अशा घरातील मूल पाण्याविषयी तीन वाक्ये पाठ करून शाळेबाहेर पडत असेल, तर आपले काम पुरे झाले असे म्हणता येणार नाही.

आपण ज्या गावी जमलो आहोत ते समर्थ रामदासांचे जन्मस्थान. १६०८ साली ते येथे जन्मले. त्यांच्या दासबोधाच्या सोळाव्या दशकात सूर्य, पृथ्वी, आप, अग्नी आणि वायू ह्यांवर एकेक स्वतंत्र समास आहे. आजचा आपला विषय ह्यांपैकी दोहोंच्या सीमेवरचा आहे, म्हणजे जे पाणी वायूचे रूप घेऊन वावरते त्याचा. भोवतालच्या सृष्टीकडे नीट निरखून पाहण्याची परंपरा ह्या गावाला आहे, एवढेच ह्या उल्लेखाने सुचवावयाचे आहे.

वाफ दिसत नाही

पहिली गोष्ट अशी की, बाष्प डोळ्यांना दिसत नाही. चहाच्या किटलीच्या तोंडातून निघणारा पांढरा लोट दाखवून आपण मुलांस “ही पाहा वाफ” असे सांगतो. वस्तुतः तो लोट वाफेचा नसून पाण्याच्या अतिसूक्ष्म थेंबांचा असतो. पाणी जोराने उकळत असता किटलीच्या तोंडाशी लागून असलेली थोडी जागा नीट पाहावी. तेथे काहीच दिसत नाही. खरी वाफ त्या मोकळ्या दिसणाऱ्या जागेत असते. पुढे ती थंड हवेत शिरते, तिचे थेंब बनतात, आणि मग आपणांस पांढरे दिसू लागते. आकाशातील ढगाची गोष्ट हीच. ढग म्हणजे वाफ नव्हे. ढग म्हणजे वाफेपासून झालेले पाणी अथवा हिमकण. हा एक भेद मुलांच्या मनात पक्का झाला की पुढचे सारे सोपे होते.

किती आणि टक्के किती

बाष्प दिसत नसले तरी ते मोजता येते. एका घनमीटर जागेत जास्तीत जास्त किती बाष्प मावेल, हे तापमानावर अवलंबून असते. १० अंश सेल्सिअसला सुमारे ९ ग्रॅम, २० अंशांना १७, ३० अंशांना ३० आणि ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. म्हणजे तापमान दर १० अंशांनी वाढले की ही मर्यादा साधारणतः पावणेदोन ते दोन पट होते. मर्यादा गाठली गेली की हवा संपृक्त झाली असे म्हणतात. ज्या तापमानास ती संपृक्त होते तो दवबिंदू. आणि प्रत्यक्षातील बाष्प मर्यादेच्या शेकडा किती, हे सांगणारा आकडा म्हणजे सापेक्ष आर्द्रता.

आता आपल्याच वर्गखोलीचा हिशेब मांडू. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद व ३ मीटर उंच धरली, तर तिच्यात ९० घनमीटर हवा असते. मे महिन्यातील दुपारी तापमान ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर प्रत्येक घनमीटरात सुमारे १० ग्रॅम, म्हणजे खोलीत एकूण सुमारे ९०० ग्रॅम पाणी झाले. जानेवारीच्या पहाटे तापमान १० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर हाच आकडा ७०० ग्रॅमच्याही खाली येतो. उन्हाळ्यातील दुपार आपणांस कोरडी ठणठणीत वाटते आणि हिवाळ्यातील पहाट ओलसर. प्रत्यक्षात त्या दुपारच्या हवेत पाणी अधिक असते! पहाटे ते गवतावर दव होऊन दिसते, दुपारी दिसत नाही, एवढाच फरक. पाऊसपाण्याच्या गोष्टींत ‘किती आहे’ आणि ‘मर्यादेच्या किती जवळ आहे’ हे दोन प्रश्न निराळे आहेत, हे मुलास ह्या एका उदाहरणावरून उमगते, आणि पाचवीच्या गणिताचा सरावही होतो.

ढग आला, पाऊस का नाही?

हवेत पाणी असते, हे ठरले. मग ते खाली का येत नाही? त्यासाठी हवा निवावी लागते. आणि हवा निवण्याचा निसर्गातील मुख्य मार्ग म्हणजे ती वर चढणे. वर दाब कमी असल्यामुळे हवा प्रसरण पावते आणि त्यात तिची उष्णता खर्ची पडते. संपृक्त नसलेली हवा एक किलोमीटर चढली तर सुमारे १० अंशांनी थंड होते. पावसाळ्यातील ३० अंशांच्या दमट हवेला संपृक्त होण्यासाठी साधारण एवढीच चढण पुरते, आणि तेथेच आपणांस ढगांचे सपाट तळ दिसतात.

नैर्ऋत्य मोसमी वारे अरबी समुद्रावरून बाष्प घेऊन येतात, तेव्हा सह्याद्री त्यांस बळेच वर चढवितो. त्यामुळे महाबळेश्वरास वर्षाला ५००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तीच हवा घाट ओलांडून उतरू लागली की आकुंचन पावते, तापते आणि संपृक्ततेपासून दूर जाते. तिच्यातील बरेच पाणी तर घाटमाथ्यावर उतरलेलेच असते. म्हणूनच सह्याद्रीपासून सुमारे अडीचशे किलोमीटर पूर्वेस असलेल्या आपल्या जिल्ह्यात सरासरीने केवळ ७०० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. पावसाळ्यात आपल्या डोक्यावरून ढग भराभर पूर्वेकडे जाताना दिसतात. हवेत बाष्पही असते. परंतु ती हवा जोराने वर उचलणारे कोणी नसते. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते पश्चिमेकडे सरकले, म्हणजे चोहोंकडील हवा एकत्र येऊन वर चढते आणि मग आपल्याकडे दोन-तीन दिवसांची झड लागते. आपल्या पावसाचे भवितव्य अशा चार-सहा प्रसंगांवर अवलंबून असते.

दुसरी अट थेंबांची. बाष्पास थेंब होण्यासाठी टेकावयास सूक्ष्म कण लागतो; मग तो समुद्राच्या मिठाचा असो, धुळीचा असो की धुराचा. आणि ढगातील थेंब इतका लहान असतो की तसे सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावेत तेव्हा पावसाचा एक थेंब व्हावा. ढग पातळ असेल, तर थेंब मोठे होण्यापूर्वीच तो विरून जातो, किंवा पडणारे थेंब वाटेतील कोरड्या हवेत पुन्हा वाफ होऊन जातात. शिवारावरून कोरडे निघून जाणाऱ्या ढगांची ही हकीकत आहे.

वाफेत साठलेली उष्णता

एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापविण्यास १०० उष्मांक लागतात. तेच एक ग्रॅम पाणी नेहमीच्या तापमानास वाफ होऊन उडून जाण्यास सुमारे ५८० उष्मांक लागतात. ही उष्णता नाहीशी होत नाही. ती वाफेत सुप्त राहते. माठातील पाणी थंड होते ते झिरपलेल्या पाण्याने ही उष्णता माठाकडून घेतल्यामुळे. मे महिन्यात हवा मर्यादेपासून दूर असल्याने माठ चांगला काम करतो. श्रावणात हवा जवळजवळ भरलेली असल्याने तोच माठ निरुपयोगी ठरतो, कूलरही गार वारा देत नाही. घाम वाळत नाही म्हणून जीव कासावीस होतो, तोही ह्याच कारणाने. उष्ण आणि दमट दिवशी मुलांस मैदानावर फार वेळ ठेवू नये, ही गोष्ट आपण शिक्षकांनी ध्यानात ठेवावी.

वर ढगात वाफेचे पुन्हा पाणी होते, तेव्हा हीच सुप्त उष्णता मोकळी होते. तिने भोवतालची हवा तापून हलकी होते आणि आणखी वर धावते. ढग बारा-पंधरा किलोमीटरांपर्यंत उंच जातात, त्यांत गारा तयार होतात, विजा चमकतात. २०१४ सालच्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात जी गारपीट झाली आणि हाताशी आलेली रब्बीची पिके व फळबागा जिने झोडपून काढल्या, तिला बळ ह्याच उष्णतेचे होते. मान्सूनपूर्व दिवसांत आणि परतीच्या पावसात विजा अधिक पडतात, तेव्हा शेतात असलेल्या मुलाने झाडाखाली उभे राहू नये, पक्क्या घरात जावे. हा पाठ परीक्षेत विचारला जात नाही. तरी तो दरवर्षी मे महिन्यापूर्वी प्रत्येक वर्गात द्यावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

पृथ्वीचे पांघरूण

बाष्पाचे आणखी एक काम पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. सूर्याचे ऊन बाष्पातून बहुतांशी पार जाते. परंतु तापलेली जमीन जी अदृश्य उष्णता परत पाठविते, तिचा बराच भाग बाष्प शोषून घेते आणि पुन्हा खाली पाठविते. ढगाळ दमट रात्री थंडी कमी असते आणि निरभ्र कोरड्या रात्री हरभऱ्यावर गारठा पडतो, हा अनुभव शेतकऱ्याच्या परिचयाचा आहे. हे वायूंचे पांघरूण नसते, तर पृथ्वीचे सरासरी तापमान आज आहे तसे १५ अंशांच्या आसपास न राहता उणे १८ अंशांजवळ गेले असते. ह्या पांघरुणाचा सुमारे अर्धा भाग एकट्या बाष्पाचा आहे.

येथे मुले एक रास्त शंका विचारतील: मग हवामान तापते त्याचा दोष बाष्पाचाच नव्हे काय? उत्तर असे की, हवेतील बाष्प सरासरीने आठ-दहा दिवसांत पाऊस वा दव होऊन खाली उतरते. कोळसा व तेल जाळून आपण सोडलेल्या कर्बवायूचा मोठा भाग मात्र शेकडो वर्षे राहतो. तो हवा तापवितो. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे ७ टक्के अधिक बाष्प सामावू शकते. आणि ते वाढलेले बाष्प तापमानात आणखी भर घालते. आग कर्बवायू लावतो, बाष्प तिला वारा घालते. २०१७ साली पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९५० ते २०१५ ह्या काळात मध्य भारतात मोठ्या प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिप्पट झाल्या, आणि अरबी समुद्रावरून होणाऱ्या बाष्पाच्या पुरवठ्यातील उसळ्या त्यामागे आहेत, असे त्यांस आढळले. पंधरा दिवस ओढ आणि मग एका रात्रीत शेत खरवडून नेणारा पाऊस, असा जो अनुभव आपण घेतो, तो समजून घेण्यास ही माहिती उपयोगी आहे.

कृत्रिम पाऊस

पाऊस ओढ देतो तेव्हा गावोगाव विमानाची वाट पाहिली जाते. आपल्या विभागात २०१५ आणि २०१९ साली औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथून असे प्रयोग झाले. ह्या पद्धतीत ढगात मिठाचे किंवा सिल्व्हर आयोडाइडचे कण सोडतात, म्हणजे बाष्पास टेकावयास अधिक योग्य कण पुरवितात. सोलापूर परिसरात उपरोक्त पुण्याच्या संस्थेने काटेकोर प्रयोग केले. योग्य ढग निवडून पेरणी केली असता, वाऱ्याच्या दिशेस सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात पावसात सरासरी १८ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाला. ह्याचा अर्थ नीट ध्यानात घ्यावा. १० मिलिमीटर पडणार होते तेथे सुमारे १२ पडले. जेथे काहीच पडणार नव्हते, तेथे पाऊस पाडता येतो असे नव्हे. ढग नसेल तर विमान काही करू शकत नाही. हे ज्ञान मुलाजवळ असेल, तर तो मोठेपणी निष्कारण आशेलाही भुलणार नाही आणि शास्त्राची निष्कारण कुचेष्टाही करणार नाही.

आपल्या हातात काय आहे

आकाशातून किती यावे, हे आपल्या हाती नाही. परंतु जमिनीवरून आकाशात किती जाऊ द्यावे, हे काही अंशी आपल्या हाती आहे. आणि माझ्या मते हाच आजच्या विषयाचा गाभा आहे. आपल्या भागात उघड्या पाण्यावरून वर्षभरात जेवढे बाष्पीभवन होऊ शकते, ते वर्षाच्या पावसाच्या दुपटीहून अधिक असते. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या जलाशयाची पातळी केवळ उन्हावाऱ्याने दररोज ८ ते १० मिलिमीटर उतरते.

२०१६ साली राज्यात ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना सुरू झाली, आणि ३० मीटर लांब व ३० मीटर रुंद शेततळे आपल्या मुलांच्या परिचयाचे झाले. पाण्याचा पृष्ठभाग ९०० चौरस मीटर. रोज ८ मिलिमीटर उडाले, तर ७.२ घनमीटर, म्हणजे ७२०० लिटर. पाच दिवसांत ३६,००० लिटर झाले. गावात येणारा टँकर १२,००० लिटरांचा धरला, तर दर पाच दिवसांनी तीन टँकर पाणी आवाज न करता आकाशात निघून जाते. ज्या गावात एका टँकरभोवती हंड्यांची रांग लागते, त्या गावच्या मुलांनी हे गणित स्वतः करावे, असे मला वाटते.

पावसाचे वाहून जाणारे पाणी शेततळ्यात अडविणे हे उत्तमच; ते न अडविते तर ओढ्याने गोदावरीस मिळते. परंतु भूगर्भातील पाणी विहिरीतून वा विंधनविहिरीतून उपसून उन्हाळ्यासाठी उघड्या तळ्यात भरून ठेवणे, हा निराळा प्रकार आहे. जमिनीच्या पोटात ते सावलीत होते. तेथे त्याची वाफ जवळजवळ होत नव्हती. आपण ते वर आणून उन्हात पसरतो. बाग जगविण्यासाठी शेतकरी असे करतो, त्याला नावे ठेवण्याचा आपला अधिकार नाही. मोसंबीचे झाड एकदा वाळले की पुन्हा उभे करण्यास वर्षे जातात. परंतु आज वर्गात बसलेला त्याचा मुलगा किंवा मुलगी उद्या हा निर्णय घेणार आहे. त्या वेळी तळे पसरट करण्यापेक्षा खोल का करावे, वाऱ्याच्या बाजूस झाडे का लावावीत, तळ्यावर जाळीची सावली किती उपयोगी पडेल, झाडांच्या बुंध्याशी पाचटाचे आच्छादन का घालावे, आणि शक्य तेथे पाणी जमिनीतच का जिरवावे, ह्यांची उत्तरे त्यांना हिशेबाने काढता आली पाहिजेत. आपल्याच जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोटाच्या कामातून माती आणि पाणी अडवून द्राक्षबागा उभ्या केल्या, हे उदाहरण आपणांपुढे आहे.

वर्गात काय करावे

ह्या घटकासाठी मोठी साधने लागत नाहीत. पाच प्रयोग सुचवितो.

१. सरळ कडांच्या दोन सारख्या भांड्यांत सारखे पाणी घालून एक उन्हात व एक सावलीत ठेवावे. पट्टीने रोज त्याच वेळी पातळी मोजून तक्त्यावर लिहावी. भांड्यांवर जाळी घालावी, म्हणजे पाखरे पाणी पिणार नाहीत.

२. दोन सारखे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्यास ओले सुती फडके गुंडाळून त्याचे टोक पाण्यात ठेवावे. दोन्ही आकड्यांतील अंतर मे महिन्यात पुष्कळ आणि जुलैत थोडे दिसेल. हे अंतर म्हणजेच हवेची तहान.

३. लिंबाच्या पानांसहित एका डहाळीस पारदर्शक पिशवी बांधून उन्हात दोन तास ठेवावी. आत जमलेले पाणी पाहून झाडही बाष्प सोडते, हे कोणास सांगावे लागणार नाही.

४. स्टीलच्या पेल्यात बर्फाचे पाणी घालावे. बाहेरून थेंब जमतात ते कोठून आले, हे मुलांनाच विचारावे. “पेला गळतो” असे उत्तर हमखास येईल. तेव्हा रागावू नये. पाण्यात रंग मिसळून पुन्हा प्रयोग करावा. बाहेरचे थेंब बिनरंगी राहतात, आणि उत्तर आपोआप मिळते.

५. पारदर्शक बाटलीत थोडे कोमट पाणी घालून उदबत्तीचा धूर सोडावा आणि झाकण घट्ट लावावे. बाटली दाबून एकदम सोडली की आत ढग दिसतो. पुन्हा दाबली की नाहीसा होतो. धूर न सोडता हेच करून पाहावे. प्रसरणाने हवा निवते आणि थेंबास कण लागतो, ह्या दोन्ही गोष्टी एका बाटलीत दिसतात.

ह्याखेरीज प्रत्येक शाळेने पर्जन्याची, तापमानाची आणि ढगांची एक नोंदवही ठेवावी आणि ती मुलांनीच लिहावी. ज्या दिवशी पाऊस पडला नाही, त्या दिवशी शून्य लिहावयास विसरू नये; आपल्या भागात ते शून्यही महत्त्वाची नोंद असते. पाच वर्षांनी ही वही गावाच्या उपयोगी पडेल, आणि आपल्या गावाचे हवामान आपण मोजतो, ही भावना मुलांत निर्माण होईल.

बंधुभगिनींनो, पाण्याविषयी आपल्या भागात भावना पुष्कळ आहे. तीत काही गैर नाही. तिला मापाची जोड मात्र कमी आहे. ते माप शाळेतूनच घरी जाऊ शकते, कारण जिल्ह्यातील जवळजवळ प्रत्येक घरातून कोणी ना कोणी आपल्याकडे शिकावयास येते. सातवीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मुलास आपल्या घरच्या हौदातून, शेततळ्यातून वा टाकीतून एका दिवसात किती पाणी उडून जाते हे काढता यावे, एवढेच उद्दिष्ट ह्या वर्षी आपण ठेवू. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेने वरीलपैकी निदान दोन प्रयोग करावेत आणि त्यांचे तक्ते पुढील परिषदेस आणावेत, अशी विनंती करतो.